वेगावरून काढलेला मॅक्स दर वेळी बदलतो? रेषेचं कुठलं टोक हललं ते आधी शोधा

गोव्यात फोंडा, डिचोली, म्हापसा या पट्ट्यातल्या जिममध्ये आता रॉडचा वेग मोजायचं काही ना काही साधन बऱ्याच जणांकडे आलं आहे. कुणी मोबाईलवर व्हिडिओ घेऊन ॲपमध्ये घालतो, कुणी हाताला सेन्सरची पट्टी बांधतो, एखाद्या जिमने रॉडला दोरी अडकवायचं यंत्र घेतलेलं असतं. या वेगावरून मॅक्स, म्हणजे एकदाच जेमतेम उचलता येईल एवढं वजन, काढतात. आणि सगळीकडून प्रश्न एकच येतो: "सर, मंगळवारी बेंचला मॅक्स ९८ दाखवला, शुक्रवारी ८९. तीन दिवसांत नऊ किलो ताकद कुठे गेली?"

ताकद कुठेही गेलेली नसते. मधे ताप येऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तीन दिवसांत नऊ किलो जात नाहीत. बदललेलं असतं ते मोजमाप. पण असा आकडा समोर आला की मुलं एक तर पद्धतच सोडून देतात, नाही तर ९८ खरा धरून पुढच्या महिन्याचं सगळं शेड्यूल त्यावर बांधतात. दुसरं जास्त वाईट, कारण त्यात खांदे जातात. पद्धत चांगली आहे. तिच्यातला बिघाड शोधता येतो, आणि बहुतेक वेळा तो यंत्रात नसतो.

आधी हिशोब नीट पाहू

वजन वाढलं की पूर्ण जोर लावूनही रॉड हळू जातो. बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं) हे नातं जवळजवळ सरळ रेषेचं आहे. म्हणून हलक्यापासून जडापर्यंत तीन-चार वजनांवर वेग मोजायचा, रेषा ओढायची, आणि ती खाली जिथे तुमच्या शेवटच्या वेगाला टेकते ते वजन म्हणजे अंदाजे मॅक्स. शेवटचा वेग शून्य नसतो. जे वजन तुम्ही एकदाच आणि जेमतेम उचलू शकता, तेही काही वेगाने वर जातंच. बेंचला हा वेग साधारण ०.१५ ते ०.१७ मीटर प्रति सेकंद असतो.

यामागे भक्कम काम आहे. गोन्झालेझ-बादियो आणि सांचेझ-मेदिना या स्पॅनिश संशोधकांनी २०१० मध्ये १२० पुरुषांच्या बेंच प्रेसवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मॅक्सचा वेग सरासरी ०.१६ आला. त्यातल्या काही जणांचा सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर मॅक्स नऊ टक्क्यांच्या आसपास वाढला, तरी मॅक्सच्या अमुक टक्क्याला तमुक वेग हे गणित जवळपास तसंच राहिलं. म्हणजे ७० टक्के वजनाचा वेग ताकद वाढल्यावरही ७० टक्क्यांचाच राहतो, फक्त त्या वेगाला आता जास्त किलो जातात. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. पण एक ध्यानात ठेवा: तो अभ्यास स्मिथ मशीनवरचा होता. तिथे रॉड रुळांवरून सरळ वर-खाली जातो. आपल्या मोकळ्या रॉडला ती शिस्त नसते, ती आपल्याला पाळावी लागते.

आता एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. समजा एका मुलाचे बेंचचे वेग असे आले: ४० किलोला १.००, ६० ला ०.६८, ७० ला ०.५२, ८० ला ०.३६. दर किलोमागे वेग ०.०१६ ने उतरतो आहे. त्याचा शेवटचा वेग ०.१७ धरला तर मॅक्स ९२ किलो निघतो.

९८ कुठून आला, ८९ कुठून आला

याच मुलाने मंगळवारी ४० किलोचा सेट वॉर्मअप समजून आरामात मारला. वेग १.०० ऐवजी ०.८५ आला, बाकी सगळं तेच. आता रेषा पुन्हा ओढा. वरचं टोक खाली आलं, रेषेचा उतार कमी झाला, आणि ती ०.१७ ला टेकली थेट ९८ वर. हलक्या वजनावर आळस केला आणि मॅक्स सहा किलोंनी वाढला! अनेकांना हे पटतच नाही, कारण मनातला हिशोब असा असतो की कमी जोर लावला तर आकडाही कमी यायला हवा. कागदावर चार बिंदू मांडून स्वतः रेषा ओढून पाहा, लगेच कळेल.

शुक्रवारी उलट झालं. हलके सेट झटक्यात गेले, पण ७० आणि ८० च्या मधे विश्रांती जेमतेम मिनिटभर. ८० चा वेग ०.३६ ऐवजी ०.३० आला. रेषेचा उतार वाढला, मॅक्स ८९ आला.

तेव्हा आकडा बदलला की प्रश्न विचारायचा तो हा: हलकं टोक हललं की जड टोक? मागच्या आणि आजच्या दिवसाचे वेग शेजारी शेजारी लिहा. ४० चा वेग पडला असून ८० चा जागेवर असेल, तर मुलाने हलक्याला जोर लावलेला नाही. ८० चा पडला असून ४० चा जागेवर असेल, तर विश्रांती, थकवा किंवा जड वजनाची भीती. चारही वेग सारख्या प्रमाणात पडले असतील तर मोजण्याची पद्धत कुठेतरी बदलली आहे, किंवा माणूस खरंच दमलेला आहे. ॲप फक्त शेवटचा मॅक्स दाखवत असेल आणि प्रत्येक वजनाचा वेग दाखवत नसेल, तर ते या कामाचं नाही.

सगळ्यात मोठं कारण: जोर

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त इथेच सुटतात. ही पद्धत एकाच अटीवर चालते: प्रत्येक रेप (रॉड एकदा खाली नेऊन वर आणणं), अगदी रिकाम्या रॉडचासुद्धा, शक्य तितक्या वेगाने वर ढकलायचा. बेंचवर वर्षानुवर्षं 'हळू, कंट्रोलमध्ये' असं शिकलेल्या मुलांना हे जड जातं. हलकं वजन झटक्यात नेलं तर रॉड हातातून सुटेल अशी भीतीही असते, आणि ती खोटी नाही. म्हणून अंगठा रॉडभोवती पूर्ण वळलेला हवा, आणि मागे माणूस उभा हवा, ४० किलोलासुद्धा.

दोन गोष्टींनी लगेच फरक पडतो. एक, प्रत्येक रेपनंतर वेग मोठ्याने सांगा. "ऐंशी!" (म्हणजे ०.८०) ऐकलं की पुढचा रेप आपोआप जास्त वेगाने जातो. दुसरी, खाली छातीवर रॉड दोन सेकंद थांबवा आणि मगच ढकला. छातीवर आपटून उसळी घेतली की वेग कधी जास्त, कधी कमी, आणि त्या उसळीचा भरवसा नसतो. थांबून ढकललेल्या रेपचे वेग एकमेकांशी जास्त जुळतात हे संशोधनातही दिसलं आहे. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत रॉड छातीवर स्थिर झाल्यावरच 'प्रेस'चा इशारा मिळतो, त्यामुळे हा सराव वायाही जात नाही.

हलक्या वजनाला तीन रेप, मधल्याला दोन, जडाला एकच. सरासरी घेऊ नका, प्रत्येक वजनाचा सगळ्यात वेगवान रेप धरा. जड सेटच्या आधी तीन ते पाच मिनिटं बसा. संध्याकाळी जिममध्ये गर्दी असते, मागे लोक बेंचची वाट पाहत असतात, आणि विश्रांती सगळ्यात आधी तिथेच कापली जाते. चाचणी गर्दीच्या वेळी ठेवू नका.

मोबाईलच्या व्हिडिओची गडबड

ही गडबड सहज सुटते, तरी बहुतेकांना माहीत नसते. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. तुमचा रॉड छातीपासून कोपरं सरळ होईपर्यंत ४० सेंटिमीटर जात असेल, तर ४० किलोचा रेप ०.४ सेकंदात संपतो, म्हणजे १२ चित्रांत. सुरुवातीचं किंवा शेवटचं चित्र निवडताना एकाची चूक झाली तर वेग १.०० ऐवजी ०.९२ किंवा १.०९ येतो. ८० किलोचा रेप ३३ चित्रांचा असतो, तिथे तीच चूक जेमतेम ०.०१ ची. म्हणजे ३० चित्रांचा व्हिडिओ नेमकं हलकं टोक हलवतो, आणि ते हललं की काय होतं ते वर पाहिलंच. मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घ्यायची सोय असेल तर तीच वापरा. चूक एक टक्क्यावर येते.

अंतर मोजताना मात्र फार घाबरायचं कारण नाही. ४० ऐवजी ३८ सेंटिमीटर टाकलंत तर सगळेच वेग सारखे कमी होतात आणि उदाहरणातला मॅक्स ९२ चा ९१ होतो. अंतर चुकलं तरी चालतं, बदललं तर चालत नाही. पकड दोन बोटं रुंद केली, पाठीची कमान कधी जास्त कधी कमी केली, जड सेटला कंबर बेंचवरून उचलली, की अंतरच वेगळं झालं. ॲपला ते कळत नाही. पकडीसाठी रॉडवरच्या खुणेशी कुठलं बोट येतं ते वहीत लिहून ठेवा.

दोरीचं यंत्र असेल तर दोरी सरळ उभी हवी आणि रॉडवर दर वेळी त्याच जागी बांधलेली. रॉड एका बाजूला झुकत असेल तर दोरीच्या बाजूचाच वेग मिळतो. आणि सेटिंगमध्ये 'सरासरी वेग' निवडलाय की 'प्रोपल्सिव्ह', ते एकदा ठरवा आणि परत हात लावू नका. हलकं वजन वर नेताना शेवटी आपण त्याला आवरतो. प्रोपल्सिव्ह सरासरीत तो आवरण्याचा भाग धरत नाहीत, म्हणून हलक्या वजनाला ती जास्त येते, जड वजनाला दोन्ही सारख्याच. सेटिंग बदललं की पुन्हा हलकंच टोक हललं. तिसरा पर्याय सर्वोच्च वेगाचा असतो, तो या हिशोबात अजिबात घेऊ नका.

प्लेटवर लिहिलेलं वजन

गोव्यात हे वेगळं सांगावंच लागतं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत जुन्या बिडाच्या प्लेटांना गंज चढतो, तो खरवडला जातो, वरून ऑइलपेंट लागतो. शिवाय स्वस्त प्लेटा ओतीव कामातच कमी-जास्त निघतात. रॉड २० किलोचा म्हणून घेतलेला असतो आणि काट्यावर १७ किंवा १८ भरतो. एकदा सगळ्या प्लेटा आणि रॉड इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घ्या आणि खरं वजन पांढऱ्या रंगाने प्लेटवरच लिहा. धान्याच्या दुकानातला काटा चालतो.

जिममध्ये तेच रॉड, त्याच प्लेटा वापरत असाल तर या चुकीने आकडा उड्या मारत नाही. ती वेगळ्या ठिकाणी बाहेर येते. ८० म्हणून चढवलेलं वजन प्रत्यक्षात ७७ असेल, तर तुमचा ९२ चा मॅक्स स्पर्धेतल्या तोललेल्या प्लेटांवर ८८-८९ होतो, आणि मुलगा म्हणतो दडपण आलं. दडपण नव्हतं, प्लेट हलकी होती.

स्क्वॉट आणि डेडलिफ्टला आकडा बऱ्याचदा जास्त येतो

बेंचचे नियम इथे तसेच लावू नका. इथली अडचण तुमच्या चुकीची नाही, पद्धतीचीच मर्यादा आहे.

स्क्वॉटला (रॉड खांद्यांवर घेऊन मारलेली बैठक) शेवटचा वेग साधारण ०.३० धरतात. पण तो माणसागणिक बराच बदलतो, आणि त्याच माणसाचा दिवसागणिकही. ऑस्ट्रेलियात बॅनयार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सराव असलेल्या १७ पुरुषांचा मोकळ्या रॉडचा स्क्वॉट मॅक्स तीन वेगवेगळ्या दिवशी तपासला. मॅक्सचं वजन दिवसागणिक स्थिर होतं, पण त्या मॅक्सचा वेग वीस टक्क्यांहून जास्त हलत होता. वेगाच्या रेषेवरून काढलेला मॅक्स खऱ्याहून जास्त येत होता, आणि तो रोजच्या वापराला पुरेसा अचूक नाही असा त्यांचा निष्कर्ष होता.

हिशोबात हे किती महाग पडतं ते पाहा. ६० किलोला ०.९५ आणि १०० किलोला ०.६२ वेग असणाऱ्याचा स्क्वॉट, शेवटचा वेग ०.३० धरला तर १३९ निघतो. तोच माणूस ०.२२ पर्यंत झुंजू शकत असेल तर १४८, आणि ०.३८ लाच अडकत असेल तर १२९. बेंचला रेषेचा उतार जास्त असतो, तिथे ०.०२ ची चूक सव्वा किलोची. स्क्वॉटला रेषा पसरट, म्हणून तेवढीच चूक दुप्पट महाग. शिवाय वरच्या हिशोबात आपण १०० वरून १३९ वर उडी मारली, म्हणजे मॅक्सच्या ७२ टक्क्यांवर थांबून पुढचं सगळं अंदाजाने. शेवटचा मोजलेला सेट ८५ टक्क्यांच्या आसपास असायलाच हवा, बेंचलाही.

किती खाली बसता हा मुद्दा वेगळाच. जड सेटला बऱ्याच जणांची बैठक नकळत दोन बोटं वर राहते. वजन सोपं होतं, वेग चांगला येतो आणि मॅक्स फुगतो. मागे योग्य उंचीला रबराची पट्टी ताणून बांधा आणि प्रत्येक रेप तिला टेकवूनच वर आणा.

डेडलिफ्टला (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं) शेवटचा वेग ०.१५ च्या आसपास सांगतात. पण काही जण गुडघ्यावर अडकलेला रॉड रेटत रेटत वर आणतात, आणि काहींचा जमिनीवरूनच हलत नाही. दोघांना एक वेग लावून चालणार नाही. मी डेडलिफ्टचा मॅक्स वेगावरून काढतच नाही, फक्त त्याच वजनाचा वेग आठवड्यागणिक लिहून ठेवतो.

स्वतःचा शेवटचा वेग कसा काढायचा

सरसकट सांगितलेल्या आकड्यापेक्षा हा कधीही बरा. मॅक्सच्या प्रयत्नाचा जुना व्हिडिओ असेल तर त्यातून मोजा. नसेल तर मॅक्सच्या ८० टक्के वजनावर रेप मारत जा आणि जो शेवटचा रेप स्वतःच्या बळावर पूर्ण झाला त्याचा वेग घ्या. सेट अगदी संपेपर्यंत नेला की शेवटच्या रेपचा वेग मॅक्सच्या वेगाजवळ येतो, हे २००६ च्या सुमारास इस्किएर्दो आणि सहकाऱ्यांनी बेंच आणि स्क्वॉट दोन्हींत दाखवलं आहे. स्पॉटर (मागे आधाराला उभा माणूस) किंवा रॅकच्या सेफ्टी पिना लावल्याशिवाय हे करू नका. आणि स्पॉटरने रॉडला बोट जरी लावलं, तरी तो रेप मोजायचा नाही.

मुलींनी तयार सूत्रं तर घेऊच नयेत. बहुतेक सूत्रं तरुण पुरुषांच्या मोजमापावर बनलेली आहेत, आणि मॅक्सच्या त्याच टक्क्याला, विशेषतः हलक्या वजनांवर, स्त्रियांचा वेग थोडा कमी असतो. स्वतःची रेषा, स्वतःचा शेवटचा वेग, एवढं केलं की हा प्रश्नच उरत नाही.

चारही वेग पडले असतील तर

मग दिवसाकडे बघा. सकाळी आणि संध्याकाळी केलेल्या चाचण्यांची तुलना करू नका, बहुतेकांचं अंग संध्याकाळी जास्त चालतं. जत्रेचं नाटक पहाटेपर्यंत पाहून आलेल्याचा, चवथीच्या दिवसांत जागरण करून आलेल्याचा वेग पडणारच, आणि तो पडलेला दिसतो हा या पद्धतीचा फायदाच आहे. पावसाळ्यात घामाने पाठ बेंचवर घसरते, खडूची पूड दमट होऊन पकड निसटते. बेंचवर कोरडा टॉवेल आणि अंगात सुती बनियन हवं. पूड झाकणाच्या डब्यात ठेवा.

एका दिवसाच्या ०.०३-०.०४ फरकावरून मी काहीच ठरवत नाही. पण ६० किलोचा नेहमीचा ०.६८ वेग सलग दोन आठवडे ०.६२ वर दिसला, तर उदाहरणातल्या रेषेने ती चारेक किलोंची घट आहे. त्या आठवड्यात मी सेट कमी करतो आणि झोपेची चौकशी करतो. उलट तो ०.७४ वर गेला तर मॅक्स न तपासता वजन वाढवतो. खरं सांगायचं तर याच कामासाठी मला वेग मोजणं आवडतं. मॅक्सचा आकडा त्यातून निघतो म्हणून नाही, तर मुलांना दर महिन्याला मॅक्सखाली घालावं लागत नाही म्हणून.

सहा महिन्यांहून कमी सराव असलेल्यांना यात आणू नका. त्यांचा प्रत्येक रेप वेगळ्या वाटेने जातो, त्यावर रेषा ओढण्यात अर्थ नाही.

आणि स्पर्धेतला पहिला प्रयत्न रेषेवरून कधीच लिहून देऊ नका. तो गेल्या दोन-तीन आठवड्यांत, तोललेल्या प्लेटांवर, छातीवर थांबून, कुणाच्या हाताशिवाय उचललेल्या वजनावरून ठरवा. रेषेचा उपयोग दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नाला होतो. पहिला कुठल्या वेगाने गेला ते बाजूच्या मोबाईलवर लगेच मोजा, नेहमीच्या रेषेवर ठेवून पाहा, आणि पुढचं वजन सांगायला जो मिनिटभर मिळतो त्यात अडीच वाढवायचे की पाच, एवढंच ठरवा.